मोटारसायकलीतील तेले व द्रव

मोटारसायकलीतील तेले व द्रव या संज्ञेत दुचाकी वाहनाच्या इंजिनाचे व गिअरपेटीचे वंगण, ब्रेकमधील द्रव, शीतक म्हणजेच बोलीतील कूलंट, पुढच्या फोर्कमधील तेल आणि साखळीचे वंगण यांचा समावेश होतो. या प्रत्येकाचे काम, रासायनिक घडण आणि बदलण्याची मुदत वेगळी असते. त्यामुळे एकाच्या जागी दुसरे वापरता येत नाही. कोणत्या वाहनाला कोणते तेल योग्य हे वाहनासोबत मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या श्रेणीवरून ठरवले जाते. तेलाची किंमत, रंग किंवा जाहिरात यांवरून ते ठरवता येत नाही. प्रस्तुत लेखात मुख्यतः महाराष्ट्रात, विशेषतः मुंबई परिसरात, चालणाऱ्या दुचाकींचा विचार केला आहे.

नाव व पूर्वपीठिका

वंगण हा शब्द मोटारगाडीपेक्षा पुष्कळ जुना आहे. बैलगाडीचा आस व चाकाची तुंबे यांत घर्षण होऊ नये म्हणून घालावयाच्या तेलकट पदार्थाला वंगण किंवा ओंगण म्हणत. लाच या अर्थी हा शब्द बोलीत रूढ झाला तोही याच कामावरून. इंजिनांच्या आरंभीच्या काळात एरंडेलाचा वंगण म्हणून बराच उपयोग होत असे, कारण उष्णतेतही त्याचा थर धातूवर टिकून राहतो. मात्र ते लवकर चिकट होऊन इंजिनात राळेसारखा थर साठतो, त्यामुळे पुढे खनिज तेलांनी त्याची जागा घेतली. कॅस्ट्रॉल या प्रसिद्ध वंगणाचे नाव एरंडेलाच्या 'कॅस्टर' या इंग्रजी नावावरून पडले आहे.

आज गॅरेजमध्ये इंजिन ऑइल, गिअर ऑइल, फोर्क ऑइल, ब्रेक ऑइल अशी नावे सर्रास वापरली जातात. यांपैकी शेवटचे नाव दिशाभूल करणारे आहे, कारण ब्रेकमधील द्रव हा तेल नव्हे. या नावामुळे होणारी चूक प्रसंगी जिवावर बेतू शकते. तिचा विचार पुढे ब्रेकचा द्रव या विभागात केला आहे.

इंजिनाचे तेल

इंजिनाचे तेल दट्ट्या व सिलिंडर, क्रँकदांडा, बेअरिंगे, कॅम इत्यादी भागांमधील घर्षण कमी करते. याखेरीज ते उष्णता वाहून नेते, ज्वलनातून तयार होणारी काजळी स्वतःत धरून ठेवते, दट्ट्याच्या कड्यांभोवतीची फट बुजवते आणि धातूला गंजण्यापासून वाचवते.

मोटारगाडीत इंजिनाचे तेल निराळे आणि गिअरपेटीचे निराळे असते. तिचा क्लचही सामान्यतः कोरडा असतो. बहुतेक चारफेरी म्हणजे फोर-स्ट्रोक मोटारसायकलींत मात्र इंजिन, क्लच आणि गिअरपेटी या तिघांना एकच तेल पुरवले जाते. मोटारगाडीचे तेल मोटारसायकलीला का चालत नाही, याचे मूळ या रचनेत आहे. शिवाय तेलाचे प्रमाणही थोडे असते. १०० ते १२५ सीसी क्षमतेच्या मोटारसायकलीत ते साधारण एक लिटर किंवा त्याहून थोडे कमी असते, तर लहान मोटारगाडीत तीन लिटर किंवा त्याहून अधिक. त्यामुळे दोनशे मिलिलिटर तेल कमी झाले तर मोटारगाडीला फारसे जाणवणार नाही. मोटारसायकलीने मात्र आपले पाव ते पाचवा हिस्सा वंगण गमावलेले असते.

श्यानता

द्रवाच्या वाहण्याला होणाऱ्या अंतर्गत विरोधाला श्यानता म्हणतात. बोलीत त्याला दाटपणा किंवा जाडी म्हणतात. इंजिन तेलांची श्यानता एसएई या अमेरिकी अभियंता संस्थेच्या श्रेणीनुसार सांगितली जाते. बाटलीवरील '१०डब्ल्यू-३०' या खुणेतील पहिला आकडा थंड अवस्थेतील वर्तन दाखवतो आणि डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. ते वजनाचे अक्षर असल्याचा समज चुकीचा आहे. दुसरा आकडा तेल १०० अंश सेल्सिअसला असताना त्याची श्यानता कोणत्या मर्यादेत राहते ते सांगतो. ३० श्रेणीसाठी ही मर्यादा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० साठी १२.५ ते १६.३ आणि ५० साठी १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक अशी आहे.

पहिल्या आकड्याची कसोटी अतिथंड प्रदेशांच्या मानाने घेतली जाते. १०डब्ल्यू तेलाची चाचणी उणे २५ अंशांना, तर २०डब्ल्यू तेलाची उणे १५ अंशांना होते. मुंबईत सांताक्रूझ येथील किमान तापमानाचा विक्रम ७.४ अंश सेल्सिअस असून तो २२ जानेवारी १९६२ रोजी नोंदवला गेला. म्हणजे केवळ इंजिन सुरू होण्याचा प्रश्न असेल तर मुंबईत दोन्ही तेले चालतील. तरीही रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी तेल वरच्या भागांपर्यंत पोहोचेस्तोवर काही क्षण जातात आणि इंजिनाची बरीचशी झीज त्याच क्षणांत होते. पहिला आकडा लहान असलेले तेल तेथे लवकर पोहोचते.

दुसऱ्या आकड्याबाबतचा गैरसमज अधिक रूढ आहे. मुंबईत उकाडा फार म्हणून जाड तेल घालावे, असा सल्ला अनेकदा दिला जातो. हवेचे तापमान २० अंश असो वा ३५, चालत्या इंजिनातील तेल त्याहून कितीतरी अधिक तापलेले असते, आणि श्रेणी ठरवताना निर्मात्याने भारतीय उन्हाळा गृहीत धरलेला असतो. पातळ तेलासाठी आखलेल्या इंजिनात जाड तेल घातल्यास अरुंद वाटांमधून ते उशिरा पोहोचते, इंजिनाची शक्ती तेल ढवळण्यात खर्च होते आणि मायलेज घटते. उलट, जाड तेलासाठी आखलेल्या इंजिनात पातळ तेल घातल्यास गरम अवस्थेत वंगणाचा थर तुटण्याची भीती असते. हीरो व होंडा यांच्या लहान मोटारसायकलींना सामान्यतः १०डब्ल्यू-३०, बजाज पल्सरच्या अनेक प्रकारांना दीर्घकाळ २०डब्ल्यू-५० आणि रॉयल एनफिल्डच्या ३५० सीसी युनिट इंजिनांना १५डब्ल्यू-५० अशा श्रेणी सांगितल्या गेल्या आहेत. या तीन गाड्या एकाच गॅरेजमध्ये शेजारी उभ्या असतात. तेथे सर्वांना एकाच पिंपातून तेल घातले जात असेल, तर त्यांतील निदान दोघींना तरी चुकीचे तेल मिळत असते.

एकाच प्रकारच्या मोटारसायकलीसाठीही निर्माता कालांतराने श्रेणी बदलतो. म्हणून आपल्या गाडीच्या निर्मितिवर्षाची पुस्तिका पाहणे इष्ट ठरते.

क्लच व जासो मानक

मोटारसायकलीचा क्लच तेलात बुडालेल्या अनेक चकत्यांचा असतो. चकत्या परस्परांना घट्ट धरून ठेवतात ते घर्षणामुळेच. म्हणजे एकाच तेलाने बेअरिंगांमध्ये घर्षण कमी करायचे आणि क्लचमध्ये ते टिकू द्यायचे, अशी दुहेरी अपेक्षा असते. इंधनबचतीसाठी बनवलेल्या मोटारगाड्यांच्या आधुनिक तेलांत घर्षण आणखी कमी करणारी पूरके मिसळलेली असतात. असे तेल मोटारसायकलीत घातल्यास क्लच घसरू लागतो: इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी त्या प्रमाणात वेग घेत नाही. चढावर किंवा मागे माणूस बसलेला असताना हे प्रथम लक्षात येते. चकत्या जळाल्यावर नुसते तेल बदलून दोष जात नाही.

मोटारगाड्यांच्या तेलांचे स्वरूप असे बदलू लागल्यावर जपानमध्ये जासो या संस्थेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस चारफेरी मोटारसायकलींच्या तेलासाठी स्वतंत्र मानक केले. त्यात क्लचसाठी पुरेसे घर्षण देणाऱ्या तेलांना 'एमए' आणि कमी घर्षणाच्या तेलांना 'एमबी' अशी खूण आहे. पुढे एमए गटाचे एमए१ व एमए२ असे पोटभाग झाले. एमए२ चे घर्षण अधिक असते. गिअर बदलाव्या लागणाऱ्या, ओल्या क्लचच्या मोटारसायकलीला एमए किंवा एमए२ तेल लागते.

गिअररहित स्कूटरचे तसे नसते. तिचा क्लच कोरडा असतो, तो इंजिनाच्या तेलात बुडत नाही. म्हणून होंडा ॲक्टिव्हासारख्या स्कूटरींना १०डब्ल्यू-३० श्रेणीचे एमबी तेल सांगितलेले आहे. स्कूटरचे एमबी तेल मोटारसायकलीत घालणे ही घरात दोन्ही वाहने असलेल्यांकडून सहज होणारी चूक आहे. बाटल्या सारख्या दिसतात, श्रेणीही सारखी असते, फरक एका अक्षराचा असतो. याउलट, स्कूटरमध्ये एमए तेल पडल्यास इंजिनाला अपाय होत नाही, मायलेज किंचित घटू शकते. गिअररहित स्कूटरच्या मागच्या चाकाजवळ गिअरची एक लहानशी स्वतंत्र पेटी असते. तिच्यातील तेल जेमतेम शे-सव्वाशे मिलिलिटर असते आणि ते बदलायचे असते, याची अनेक मालकांना कल्पना नसते.

गुणवत्तेचा वर्ग

बाटलीवर आढळणारी एसजे, एसएल, एसएम, एसएन, एसपी ही अक्षरे एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेचे वर्ग दर्शवतात. दुसरे अक्षर वर्णक्रमात जितके पुढचे, तितका वर्ग नवा. एसएन हा २०१० चा, तर एसपी हा २०२० चा आहे. सामान्यतः नवा वर्ग जुन्याच्या जागी चालतो. मोटारसायकलीसाठी मात्र हा नियम जासो खुणेसह वाचावा लागतो. एसपी वर्गाचे पण जासो खूण नसलेले तेल हे उत्तम प्रतीचे मोटारगाडीचे तेल असू शकते, मोटारसायकलीचे नव्हे.

खनिज व संश्लेषित तेल

खनिज तेल कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणातून मिळालेल्या मूलतेलापासून बनते. संश्लेषित म्हणजे सिंथेटिक तेलात रेणूंची घडण अधिक एकसारखी असल्याने ते उष्णतेला व ऑक्सिडीकरणाला जास्त काळ तोंड देते. अर्धसंश्लेषित तेल ही दोन्हींची मिसळ होय. तिच्यातील प्रमाण मात्र बाटलीवर क्वचितच सांगितलेले असते. योग्य श्रेणीचे व योग्य जासो खुणेचे खनिज तेल वेळेवर बदलणे हे महागडे संश्लेषित तेल दुप्पट काळ वापरत राहण्यापेक्षा हितावह असते. लहान, हवेने थंड होणाऱ्या इंजिनात संश्लेषित तेल घालणे अपायकारक नाही. पण पुस्तिका खनिज तेल पुरेसे म्हणत असेल, तर त्यासाठी जादा खर्च करण्याचे कारण नसते.

तेल बदलण्याची मुदत

नव्या गाडीचे पहिले तेल साधारण ५०० ते १,००० किलोमीटरवर बदलले जाते, कारण सुरुवातीच्या घासण्यातून सुटलेले धातूचे कण त्यात असतात. पुढची मुदत गाडीनुसार ३,००० पासून ६,००० किलोमीटर व काही नव्या गाड्यांत १०,००० किलोमीटरपर्यंत असते. सोबत महिन्यांची मर्यादाही दिलेली असते. दोहोंपैकी जी आधी येईल ती धरायची असते.

तेल का संपते, हे समजून घेण्याजोगे आहे. गिअरच्या दात्यांखाली भरडले जाऊन तेलातील श्यानता टिकवणाऱ्या बहुलकांचे लांब रेणू तुटतात आणि तेल पातळ होते. मोटारगाडीच्या इंजिन तेलाला हा मार सोसावा लागत नाही. काजळी, इंधनाचे अंश आणि बाष्प यांनी ते मलिन होते. आम्लांना मारणारी पूरके खर्ची पडतात. दररोज दोन किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीचे इंजिन पुरते तापतच नाही. त्यामुळे आतील बाष्प उडून जात नाही आणि किलोमीटर न भरताही तेल खराब होते.

दुसऱ्या टोकाला घरपोच सामान पोहोचवणाऱ्या तरुणांच्या गाड्या येतात. दिवसाला १०० किलोमीटर आणि महिन्याला २६ दिवस धरले तर महिन्याकाठी २,६०० किलोमीटर होतात, म्हणजे ३,००० किलोमीटरची मुदत पाच आठवड्यांत भरते. शीव-पनवेल मार्गासारख्या रस्त्यांवर कोंडीत उभ्या असलेल्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला वारा मिळत नाही. अशा वेळी किलोमीटरचा आकडा हलत नाही, पण तेल शिजतच असते. ज्यांची रोजची मिळकत गाडी चालू राहण्यावर अवलंबून आहे, त्यांच्या बाबतीत तेलाचा एक बदल पुढे ढकलणे ही काटकसर ठरत नाही; इंजिन धरले तर दुरुस्तीच्या खर्चासोबत कामाचे दिवसही बुडतात.

पातळी पाहताना गाडी सपाट जागी, सरळ उभी असावी. इंजिन काही मिनिटे चालवून बंद करावे व दोन-तीन मिनिटे थांबून पट्टी पाहावी. पट्टी फिरवून बसवायची की नुसती टेकवायची, हे गाडीनुसार बदलते. ते न पाहता घेतलेले माप चुकते. तेल वरच्या खुणेपेक्षा अधिक असणेही वाईट, कारण फिरत्या भागांनी ते घुसळले जाऊन त्यात हवेचे बुडबुडे होतात. तेलाचा काळा रंग ही स्वतंत्रपणे बिघाडाची खूण नव्हे. काजळी धरून ठेवणारे तेल काळे होणारच.

जुनी वाहने

दुफेरी म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनात तेल इंधनासोबत जळून जाते. अहमदनगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची १९७२ सालची लूना आणि बजाज चेतक या गाड्यांत पेट्रोलमध्ये ठरावीक प्रमाणात तेल मिसळावे लागे. पेट्रोल पंपावर दांडी दाबून मापाने टूटी ऑइल सोडणारे यंत्र त्या पिढीच्या स्मरणात आहे. तेल कमी पडले तर दट्ट्या अडके. जास्त पडले तर प्लग काळा होई व धूर निघे. यामाहा आरएक्स १०० मध्ये तेलाची वेगळी टाकी व पंप असल्याने हे मोजमाप चालकाला करावे लागत नसे. दुफेरी गाड्यांच्या धुरामुळे दिल्लीत १९९८ मध्ये सुट्या टूटी तेलाच्या विक्रीवर बंदी आली. आज अशी गाडी जपणाऱ्यांनी जासो 'एफसी' किंवा 'एफडी' खुणेचे कमी धुराचे तेल वापरावे. चारफेरी इंजिनाचे तेल पेट्रोलमध्ये मिसळू नये, कारण ते जळून राखेचा थर मागे ठेवते. दुफेरी गाडीच्या गिअरपेटीचे तेल वेगळे असते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

बिडाच्या इंजिनाची जुनी बुलेट हा आणखी एक अपवाद. तिच्यात इंजिन, क्लचची साखळीपेटी आणि गिअरपेटी अशा तीन ठिकाणी स्वतंत्रपणे वंगण भरावे लागते. युनिट इंजिनाच्या बुलेटवर हात बसलेला नवा कारागीर जुन्या बुलेटची साखळीपेटी कोरडी सोडू शकतो, म्हणून मालकाने स्वतः विचारलेले बरे.

ब्रेकचा द्रव

डिस्क ब्रेकमध्ये बोटांचा दाब द्रवाच्या माध्यमातून ब्रेकच्या गुटक्यांपर्यंत पोहोचतो. केवळ ड्रम ब्रेक असलेल्या बहुतेक गाड्यांत हे काम तार व सळई करतात, म्हणून त्यांत असा द्रव नसतो. भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस आणि त्यापेक्षा लहान दुचाकींना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस प्रणाली बंधनकारक झाली. एबीएस ही द्रवावर चालणारी प्रणाली असल्याने ब्रेकच्या द्रवाचा प्रश्न आता पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक गाड्यांना लागू होतो.

या द्रवांची वर्गवारी अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून 'डॉट' या खुणेने केली जाते. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे ग्लायकॉल ईथरांवर आधारलेले असतात; डॉट ५ मात्र सिलिकोनचा असतो आणि तो इतरांत मिसळत नाही. ५ आणि ५.१ यांच्यात केवळ दशांशाचा फरक दिसत असला तरी ते दोन वेगळ्या जातींचे द्रव आहेत. भारतातील बहुतेक दुचाकींना डॉट ३ किंवा डॉट ४ लागतो व तसे टाकीच्या झाकणावरच कोरलेले असते.

ग्लायकॉलयुक्त द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. टाकी बंद असली तरी रबरी नळ्यांतून व झाकणाच्या फटीतून बाष्प आत शिरतच असते, आणि मुंबईसारख्या दमट किनारी शहरात त्याला वाव अधिक. परिणाम उकळबिंदूवर होतो. मानकाप्रमाणे नव्या डॉट ३ द्रवाचा उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यावर तो किमान १४० अंश असला तरी चालतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० व १५५ आहेत. मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या दुचाकींना द्रुतगती मार्गावर मज्जाव असल्याने त्या जुन्या रस्त्याने, शिंगरोबाच्या देवळाजवळून बोरघाट चढतात-उतरतात. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून धरल्यास गुटके तापतात, ती उष्णता द्रवापर्यंत जाते आणि त्यातील पाण्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे दांडी मुठीपर्यंत येऊनही ब्रेक लागत नाही, आणि हा अनुभव नेमका वळणावर येऊ शकतो. सपाट शहरी रस्त्यावर याची पूर्वसूचना मिळत नाही, कारण तेथे द्रव तितका तापतच नाही. म्हणून ब्रेक चांगला लागत असला तरी दर दोन वर्षांनी द्रव बदलण्याची शिफारस केली जाते. फोडून ठेवलेली बाटली पुढच्या वर्षी वापरू नये. ती ओलावा पिऊन बसलेली असते.

ब्रेक ऑइल या नावामुळे होणारी चूक अशी, की टाकीतील पातळी उतरलेली दिसताच घरात असलेले इंजिनाचे तेल त्यात ओतले जाते. खनिज तेलाने ब्रेकमधील रबरी कडी फुगतात. मग ब्रेक अडकून चाक जाम होते किंवा द्रव गळून ब्रेकच जातो. असे झाल्यास गाडी चालवू नये. नुसते धुऊन भागत नाही, रबरी भाग बदलावे लागतात. पातळी उतरण्याचे सर्वांत साधे कारण गुटक्यांची झीज हे असते, म्हणून भर घालण्याआधी गुटके पाहावेत. हा द्रव रंगावर सांडल्यास रंग उखडतो. लगेच भरपूर पाण्याने धुवावा.

शीतक

भारतात दीर्घकाळ बहुतेक मोटारसायकली हवेनेच थंड होत. २००८ मधील यामाहा आर१५ आणि २०१२ मध्ये बाजारात आलेली, पुण्याजवळ चाकण येथे बनणारी केटीएम २०० ड्यूक यांसारख्या गाड्यांनी द्रवशीतन सामान्य ग्राहकापर्यंत आणले. शीतकात सामान्यतः इथिलीन ग्लायकॉल व शुद्ध पाणी निम्मे-निम्मे असते आणि गंजरोधक पूरके असतात. मुंबईत पाणी गोठत नाही म्हणून नळाचे पाणी चालेल, हा तर्क अर्धाच बरोबर आहे. गोठण्याची भीती नसली तरी गंज, क्षारांचा थर आणि पंपाच्या सीलची झीज यांना नळाचे पाणी आमंत्रण देते. तयार मिश्रण मिळते ते पाणी न मिसळता वापरायचे असते. संहत द्रव मात्र ऊर्ध्वपातित म्हणजे डिस्टिल्ड पाण्यात मिसळावा लागतो. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडल्यास दाबाखालील द्रव उसळून भाजते.

इथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. सांडलेले शीतक कुत्री-मांजरी चाटतात. लहान मुलांनाही त्याचा धोका असतो. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ते कधीही भरून ठेवू नये.

फोर्क व साखळी

फोर्कमधील तेल झटके शमवते. कारागीर त्याला शॉकअपचे तेल म्हणतात. त्याची श्रेणी व दोन्ही नळ्यांतील माप सारखे असावे लागते. सील फुटून हे तेल डिस्कवर ओघळल्यास ब्रेक घसरतो, म्हणून गळती दिसताच दुरुस्ती करावी.

उघड्या साखळीला साधारण दर ५०० किलोमीटरनंतर, आणि पावसात भिजल्यावर त्याआधीही, वंगण लागते. रबरी कड्यांच्या साखळीला गिअर ऑइल किंवा तिच्यासाठीचा फवारा वापरतात. पेट्रोलने ती धुतल्यास कडी खराब होतात. इंजिनातून काढलेले जळके ऑइल साखळीला लावण्याची सवय सर्वत्र आढळते. त्यातील धातूचे कण व काजळी साखळीला कानशीसारखी घासतात.

पूर व पावसाळा

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उपनगरांतील असंख्य वाहने पाण्यात बुडाली. बुडालेल्या गाडीचे स्टार्टर दाबून पाहणे ही त्या प्रसंगातील सर्वांत महाग पडणारी कृती असते. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नसल्याने जोडदांडा वाकतो. प्रथम प्लग काढून पाणी बाहेर काढावे आणि तेल तपासावे. तेल दुधाळ चहासारखे दिसत असल्यास त्यात पाणी मिसळले आहे. ते काढून नवे स्वस्त तेल घालावे, इंजिन थोडे चालवून तेही काढावे आणि मगच कायमचे तेल भरावे. एका बदलात सर्व पाणी निघत नाही. स्कूटरची मागची गिअरपेटी आणि ब्रेकचा द्रवही याच वेळी तपासून घ्यावा.

मुंबईची पूर्व उपनगरे व वंगण उद्योग

मानखुर्द, चेंबूर आणि तुर्भे हा पट्टा भारतातील वंगण उद्योगाशी निकटचा संबंध असलेला भाग आहे. माहुल येथे १९५४ साली स्टॅन्व्हॅकचा, पुढे एस्सोकडे आलेला तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, तर त्यालगत बर्मा-शेलचा कारखाना १९५५ मध्ये आला. एस्सो व भारत सरकार यांच्या भागीदारीतील ल्यूब इंडिया या कंपनीने तेथेच वंगणाचे मूलतेल बनवण्यास सुरुवात केली. १९७४ मध्ये एस्सो व ल्यूब इंडिया यांच्या एकत्रीकरणातून हिंदुस्तान पेट्रोलियम कॉर्पोरेशन अस्तित्वात आले. बर्मा-शेलचा कारखाना पुढे भारत पेट्रोलियमकडे आला. माहुलच्या मूलतेलाचे केंद्र देशातील मोठ्या केंद्रांपैकी एक आहे.

मूलतेलात दहा-वीस टक्क्यांच्या आसपास पूरके मिसळल्यावर बाटलीतले इंजिन तेल तयार होते. म्हणून मूलतेल तेच असले तरी दोन बाटल्यांतील तेले भिन्न स्वभावाची असू शकतात. बनावट तेलाचा धोकाही येथेच असतो. गाळून स्वच्छ केलेले जुने तेल दिसायला नव्यासारखे असते, पण त्यात पूरके उरलेली नसतात. सुटे तेल न घेणे, झाकणाची पट्टी अखंड असल्याचे व तुकडी क्रमांक आणि तारीख स्पष्ट असल्याचे पाहणे, आणि रिकामी बाटली भंगारात देण्याआधी तिला भोक पाडणे किंवा लेबल फाडणे, हे ग्राहकाच्या हातातील उपाय होत.

वापरलेल्या तेलाची विल्हेवाट

वापरलेल्या तेलात जड धातू व ज्वलनातून आलेली घातक संयुगे असतात. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनःप्रक्रिया करणाऱ्यांकडेच जाणे आवश्यक आहे. या नियमांच्या २०२३ मधील दुरुस्तीने १ एप्रिल २०२४ पासून तेल उत्पादकांवर वापरलेल्या तेलाच्या पुनःप्रक्रियेचे उत्तरदायित्व टाकले. प्रत्यक्षात रस्त्याकडेला बदललेले तेल गटारात ओतले, तर पूर्व उपनगरांत ते नाल्यांवाटे ठाणे खाडीत जाते. मानखुर्दलगतच्या याच खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या यादीत आला. तेलाचा तवंग कांदळवनाच्या श्वासमुळांवर बसल्यास त्यांना हवा मिळत नाही.

घरी तेल बदलणाऱ्याने ते पसरट भांड्यात काढून झाकणाच्या डब्यात साठवावे आणि वापरलेले तेल गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे द्यावे. त्यात ब्रेकचा द्रव, शीतक किंवा पेट्रोल मिसळू नये. मिश्र तेलाची पुनःप्रक्रिया करणे अवघड होते.